मॉडेलची गाइड म्हणजे कंपनीची प्रोसेस नव्हे

क्वालिटीच्या कामात असलेल्या माणसाच्या टेबलावर दोन पुस्तिका हमखास सापडतात. एक कंपनीची स्वतःची प्रोसेस हँडबुक आणि दुसरी सीएमएमआयसारख्या मॉडेलची, म्हणजे कंपनीची कामाची पद्धत जोखायच्या चौकटीची, संक्षिप्त रेफरन्स गाइड. दोन्हींत प्लॅनिंग, रिक्वायरमेंट, कॉन्फिगरेशन, मेजरमेंट हेच शब्द. त्यामुळे गाइडमधलं वाक्य उचलून हँडबुकमध्ये टाकायचं आणि हँडबुकमधला टेम्प्लेट 'मॉडेलमध्येच आहे' म्हणून टीमच्या गळ्यात मारायचा, हा प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे. अप्रेझलची, म्हणजे त्या मॉडेलच्या आधारे होणाऱ्या तपासणीची, तारीख जवळ आली की त्याला ऊत येतो. गाइड ही फार कामाची वस्तू आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तिच्याकडून भलतं काम करून घेतलेलं बघवत नाही.

हँडबुक तुम्हाला माहीतच आहे. चेंज रिक्वेस्ट कोणाकडे जाते, बिल्ड कोण पास करतं, रिव्ह्यूचे मुद्दे कुठे नोंदवायचे, हे सगळं तिच्यात असतं. आपल्या लोकांनी, आपल्या कामासाठी, आपल्या भाषेत लिहिलेलं. निदान तसं असायला हवं.

गाइडच्या मागे मात्र मॉडेल असतं आणि मॉडेलचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. आपल्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंत्राटदारांची कुवत जोखायची कशी, हा त्या खात्यापुढचा प्रश्न होता. १९८६ मध्ये आयबीएममधून तिथे गेलेल्या वॉट्स हम्फ्रींनी या कामाला आकार दिला. त्यातून १९९१ मध्ये सीएमएम (कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) आलं, १९९३ मध्ये त्याची १.१ आवृत्ती आणि २००० मध्ये अनेक मॉडेलं एकत्र करून सीएमएमआय. म्हणजे मुळातच हे बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात द्यायचं साधन. 'तुमच्याकडे हे होतं का?' एवढंच ते विचारतं. सोमवारी सकाळी कामावर येऊन आधी काय करायचं, हे ते सांगत नाही.

डेव्हलपमेंटसाठीच्या सीएमएमआयची १.३ आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली. तिच्यात २२ प्रोसेस एरिया, म्हणजे प्लॅनिंग, मेजरमेंट असे कामाचे विषय, आहेत आणि पानं साडेचारशेच्या वर. एवढं बाड मीटिंगमध्ये कोणी उघडत नाही. म्हणून खिशात मावणाऱ्या गाइड निघाल्या: प्रत्येक प्रोसेस एरियाचा उद्देश, त्याचे गोल (काय साधायचं), त्याखालच्या प्रॅक्टिस (त्यासाठी काय करायचं), प्रत्येकी एका ओळीत.

दोन किरकोळ गोंधळ आधीच बाजूला करतो. सीएमएमआयचं सर्टिफिकेशन नसतं, अप्रेझल असतं आणि त्याचा निकाल तीन वर्षं धरला जातो. सर्टिफिकेशन आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाचं. दुसरं, अप्रेझलमध्ये मिळणाऱ्या लेव्हलपैकी मॅच्युरिटी लेव्हल ठरलेल्या प्रोसेस एरियांच्या संपूर्ण गटाला मिळून लागते, कॅपेबिलिटी लेव्हल एकेका प्रोसेस एरियाला. यावर याहून जास्त चर्चा करण्यात अर्थ नाही.

खरा पाय घसरतो तो पुढच्या गोष्टीवर. १.३ मॉडेलमधला मजकूर एकाच वजनाचा नाही. त्यात तीन थर आहेत. गोल सक्तीचे: ते साधले नाहीत तर लेव्हल नाही. प्रॅक्टिस अपेक्षित: गोल गाठण्याची ती नेहमीची वाट. पण तुम्ही दुसऱ्या वाटेनं तिथेच पोचत असाल आणि ते दाखवू शकत असाल, तर तीही चालते. तसं मॉडेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. उरलेलं सगळं, म्हणजे सबप्रॅक्टिस, टिपा, कागदपत्रांचे नमुने, हे निव्वळ माहितीसाठी. पानांच्या हिशेबात सर्वांत मोठा थर हाच, आणि सक्ती त्याची शून्य.

आता गाइड काय करते ते बघा. ती सक्तीचं आणि अपेक्षित तेवढं ठेवते आणि तिसरा थर कापते, किंवा त्यातली दोन-चार उदाहरणं ठेवून बाकी गाळते. जागेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण वाचणाऱ्याला थर माहीत नसतील तर घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. प्रॅक्टिसच्या ओळी एकाखाली एक आल्यामुळे त्या कामाच्या पायऱ्या वाटायला लागतात, आधी प्रॅक्टिस १.१, मग प्रॅक्टिस १.२. आणि एखादा नमुना ओळीखाली छापलेला असला की तोच कागद हवा असं वाटतं.

रिक्वायरमेंट्स मॅनेजमेंट या प्रोसेस एरियातली १.४ क्रमांकाची प्रॅक्टिस घ्या. रिक्वायरमेंट आणि त्यांच्यावरून तयार झालेलं काम यांचा माग दोन्ही दिशांनी ठेवा, एवढंच ती सांगते. एका कंपनीत मी पाहिलेलं दृश्य असं: रिलीज दुसऱ्या दिवशी, आणि नुकताच रुजू झालेला एक मुलगा संध्याकाळी एक्सेल उघडून बसलेला. डाव्या रकान्यात रिक्वायरमेंटचे नंबर, उजव्या रकान्यात टेस्ट केसचे. सगळं हातानं, जिरा या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून बघून बघून. जिरामध्ये प्रत्येक स्टोरीला (म्हणजे रिक्वायरमेंटला) तिच्या टेस्ट आधीच जोडलेल्या होत्या. टेस्ट उघडली की स्टोरी दिसे, स्टोरी उघडली की टेस्ट. दोन्ही दिशा झाल्या, प्रॅक्टिस पाळली गेली. मग एक्सेल कशासाठी? उत्तर आलं, 'सीएमएमआयला मॅट्रिक्स लागते.'

लागत नाही. १.३ मॉडेलमध्ये त्या प्रॅक्टिसखाली नमुन्यादाखल दोन गोष्टी दिल्या आहेत: एक ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स (त्या मुलाच्या एक्सेलसारखा तक्ता) आणि दुसरी रिक्वायरमेंटचा माग ठेवणारी सिस्टिम. म्हणजे त्या टीमचं जिरा नमुन्यातसुद्धा बसत होतं. मूळ पान उघडलं असतं तर दोन मिनिटांत वाद मिटला असता. आणि ती एक्सेल नुसती बिनकामाची नाही, घातक आहे. रिलीजनंतर तिला कोणी हात लावत नाही. पुढच्या बदलाच्या वेळी कोणी तिच्यावर भरवसा ठेवला, तर नेमकी बदललेली टेस्ट तिच्यात नसते. माग ठेवायचा तो बदलाचा परिणाम कुठवर जाईल हे कळावं म्हणून. शिळी मॅट्रिक्स तेच लपवते.

पूर्वीच्या आवृत्त्यांत या नमुन्यांना 'नेहमीची' कागदपत्रं म्हटलेलं होतं, १.३ मध्ये ते बदलून 'उदाहरणादाखल' केलं. तरीही आजच्या कित्येक चेकलिस्टमध्ये ते नमुने 'अनिवार्य' या मथळ्याखाली बसलेले दिसतात. चेकलिस्ट करणाऱ्यानं मॉडेल उघडलेलं नसतं. त्यानं कोणाची तरी जुनी गाइड किंवा जुनी चेकलिस्ट उघडलेली असते.

याच घोटाळ्याचं मोठं रूप म्हणजे प्रोसेस एरियाला प्रोसेस समजणं. गाइडची अनुक्रमणिका तशीच हँडबुकची अनुक्रमणिका झालेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. लेव्हल २ ला सात प्रोसेस एरिया, म्हणून हँडबुकमध्ये सात प्रकरणं. मग 'मेजरमेंट अँड ॲनालिसिस' नावाचं एक स्वतंत्र प्रकरण येतं, त्याचा स्वतंत्र फॉर्म येतो आणि प्रोजेक्ट मॅनेजर महिनाअखेरीला तो भरतो. प्रत्यक्षात मोजमाप प्लॅनिंग करताना ठरतं आणि आठवड्याच्या स्टेटस मीटिंगमध्ये वापरलं जातं. ते तिथेच, त्या प्रकरणांतच लिहायला हवं. मॉडेलमधल्या प्रोसेस एरिया कंपनीच्या प्रोसेसशी एकास एक जुळतीलच असं नाही, हे खुद्द मॉडेलच्या सुरुवातीच्या भागात सांगितलेलं आहे. पण गाइडमध्ये सुरुवातीचा भागच सहसा नसतो.

गाइडवरून हँडबुक लिहूच नये, हे माझं ठाम मत आहे. आधी टीम आज काम कसं करते ते तिच्याकडून ऐकून लिहून काढा. गाइड त्या वेळी ड्रॉवरमध्ये राहू द्या. लिहून झालं की मग ती काढा आणि प्रत्येक प्रॅक्टिस आपल्या मजकुरात कुठे भेटते ते शोधा. हा क्रम उलटा झाला की हँडबुक अप्रेझरसाठी लिहिली जाते आणि टीम ती उघडत नाही.

जेनेरिक प्रॅक्टिसचा मुद्दा त्यामानानं छोटा, पण तोही गाइडमुळेच निसटतो. धोरण ठरवा, माणसं द्या, शिकवा, पाळलं जातंय का ते तटस्थपणे तपासा, अशा या प्रॅक्टिस सगळ्या प्रोसेस एरियांना सारख्याच लागू. म्हणून संक्षिप्त गाइडमध्ये त्या एकदाच छापतात. वाचणारा तेवढं पान उलटून पुढे जातो. मग अप्रेझलमध्ये प्रश्न येतो: सगळ्यांचं ऑडिट क्वालिटीवाले करतात, क्वालिटीवाल्यांच्या कामाचं ऑडिट कोण करतं? तपासणीची २.९ ही जेनेरिक प्रॅक्टिस क्वालिटी ॲश्युरन्सलाही लागू आहे आणि स्वतःचं ऑडिट स्वतः करून ती भागत नाही. त्यासाठी सहसा क्वालिटी टीमच्या बाहेरचं कोणीतरी नेमतात.

मग गाइड कशाला चांगली? शोधायला. कोणती गोष्ट कोणत्या प्रोसेस एरियात येते, तिच्या शेजारी काय आहे, कोणत्या लेव्हलला ती सुरू होते, हे अर्ध्या मिनिटात कळतं. अप्रेझलमधल्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी टीम लीडशी बोलताना ती हातात असावी. नव्या माणसाला २२ एरियांचा नकाशा दाखवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. विकत घ्यायची किंवा डाउनलोड करायची असेल तर अशी निवडा, जिच्यात तिन्ही थर वेगळ्या खुणांनी दाखवलेत आणि प्रत्येक प्रॅक्टिसपुढे मूळ मॉडेलमधला संदर्भ आहे. रंगीत चार्ट आणि चकचकीत बाणांच्या गाइडपेक्षा ही साधी, दोन रंगांत छापलेली गाइड मला केव्हाही जास्त पसंत.

आवृत्ती मात्र डोळ्यात तेल घालून बघा. इंटरनेटवर फिरणाऱ्या फुकट गाइड बहुतेक १.३ च्या आहेत, कारण ते मॉडेल फुकट उतरवून घेता येत होतं. २०१८ मध्ये आलेली २.० आवृत्ती पैसे देऊन घ्यावी लागे. तिच्यात प्रोसेस एरिया जाऊन प्रॅक्टिस एरिया आल्या आणि जेनेरिक प्रॅक्टिसची जागा गव्हर्नन्स आणि इम्प्लिमेंटेशन इन्फ्रास्ट्रक्चर या दोन प्रॅक्टिस एरियांनी घेतली. २०२३ मध्ये ३.० आली. तेव्हा जुन्या गाइडमधला १.४ किंवा २.९ हा नंबर आजच्या अप्रेझलच्या कागदावर त्याच अर्थानं सापडणार नाही. माहितीपुरत्या मजकुराला सक्ती न समजण्याची गोष्ट मात्र तशीच लागू आहे. कामाचे आणि कागदपत्रांचे नमुने २.० मध्येही स्पष्टीकरणाच्या भागातच येतात. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना ऑटोमोटिव्ह स्पाइस या त्यांच्या क्षेत्रातल्या मॉडेलमध्येही हेच भेटेल. तिथे बंधन प्रोसेसच्या उद्देशाचं आणि तिच्या फलितांचं, बेस प्रॅक्टिस हे ती फलितं मिळाली का हे ओळखायचे निर्देशक.

गाइड घेऊन बसाल तेव्हा तीन रकाने आखा: प्रॅक्टिस, आपल्या हँडबुकमधली जागा, आणि ती प्रत्यक्ष कामात कुठे दिसते. मधला रकाना रिकामा राहिला तर गाइडमधली ओळ हँडबुकमध्ये चिकटवून तो भरू नका. टीमला विचारा, हे काम होतं का. होत असेल तर जसं होतं तसं हँडबुकमध्ये लिहा. होत नसेल तर मूळ मॉडेलचं ते पान उघडा, वरचा गोल वाचा आणि तो आपल्याकडे दुसऱ्या कोणत्या रीतीनं साधला जातो का, हे टीमबरोबर बसून तपासा.