सूक्ष्मनलिका रंगवताना: फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाचे पहिले धडे

काळ्या पडद्यावर पेशीतले हिरवे धागे उजळले की शिकणाऱ्याला वाटते, जमले. पण ते चित्र चांगले येणार की फसणार, हे सूक्ष्मदर्शक सुरू करण्याआधीच्या तीन-चार तासांत ठरलेले असते. शिकवणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ तिथेच द्यावा.

तत्त्व सोपे आहे. रंगद्रव्य एका रंगाचा प्रकाश शोषते आणि जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते. अलेक्सा फ्लुओर 488 निळा प्रकाश घेऊन हिरवा देते. डीएनएला चिकटणारे डॅपी अतिनील घेऊन निळा देते. मूळ प्रकाश अडवून फक्त नवा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत सोडायचे काम फिल्टर करतात.

सरावाला हेला पेशींतल्या (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीला आकार देणारे प्रथिनांचे पोकळ धागे, उत्तम. पेशी 1.5 नंबरच्या कव्हरस्लिपवर (पातळ काचेच्या चकतीवर) वाढवाव्यात. तिची जाडी साधारण 0.17 मिमी असते आणि बहुतेक चांगली भिंगे त्याच जाडीसाठी घडवलेली असतात. भिंगावर हा आकडा कोरलेलाही असतो. जाडी चुकली तर कितीही फोकस केला तरी धागे पसरटच दिसतात.

पेशी स्थिर करायला 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड 15 मिनिटे, तेही 37 अंशांना कोमट केलेले. फ्रीजमधून काढून तसेच ओतले तर थंडीने नलिका आधीच विरघळू लागतात. मग 0.1 टक्का ट्रायटन (एक साबणासारखे द्रव्य) 10 मिनिटे, म्हणजे पेशीच्या पडद्याला छिद्रे पडून अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे प्रथिन) आत शिरते. नको तिथे ती चिकटू नये म्हणून 1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले एक प्रथिन) अर्धा तास. नंतर पॅराफिल्मवर (मेणासारख्या पातळ पट्टीवर) प्राथमिक अँटिबॉडीचा, म्हणजे सूक्ष्मनलिकांना चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा, 40 मायक्रोलिटरचा थेंब ठेवून 12 मिमीची कव्हरस्लिप त्यावर पेशींच्या बाजूने पालथी घालावी, तासभर. तीनदा धुऊन रंगद्रव्य जोडलेली दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे प्राथमिकला चिकटणारी, अंधारात लावावी. धुताना पीबीएस (पेशींना मानवणारे खारे द्रावण) कडेने सोडावे. थेट वरून धार पडली तर पेशी सुटून जातात. कव्हरस्लिप मध्येच सुकू दिली तर सुकलेला भाग सगळा उजळतो आणि तो खरा संकेत वाटतो.

आता नियंत्रण नमुने. हे टाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो घातक आहे. एक नमुना अजिबात न रंगवलेला हवा, म्हणजे पेशींची स्वतःची चमक कळते. एकाला फक्त दुय्यम अँटिबॉडी लावायची, म्हणजे ती स्वतःहून नको तिथे चिकटते का ते कळते. शिवाय प्रत्येक रंग एकेकटा लावलेले नमुने हवेत, कारण एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या फिल्टरमधून झिरपतो. एक्सपोजर सर्वांत उजळ नमुन्यावर ठरवावे. 12 बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा 4095 असतो. सर्वांत उजळ बिंदू 3000 च्या आसपास ठेवावा आणि नंतर एकाही नमुन्यासाठी एक्सपोजर बदलू नये. ऑटो-कॉन्ट्रास्टचे बटण इथे हमखास फसवते: ते प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे ताणते, त्यामुळे जवळपास रिकामे नियंत्रणही पडद्यावर झगमगते. म्हणून डोळ्यांनी ठरवू नये, पिक्सेलचे आकडे वाचावेत.

छायाचित्रे घेताना आधी लाल, मग हिरवा आणि डॅपी सर्वांत शेवटी. अतिनील प्रकाशाने पेशीतले इतर रंग विटतात, शिवाय डॅपीचे काही रेणू बदलून हिरव्या फिल्टरमध्येही दिसू लागतात. मग केंद्रकात नसलेले प्रथिन तिथे असल्यासारखे वाटते.