संगणकशास्त्रातील पदव्युत्तर संशोधन प्रकल्प

संगणकशास्त्र, संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, डेटाशास्त्र अशा विषयांत पदव्युत्तर पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एखाद्या नेमक्या प्रश्नाचा केलेला, पुराव्यानिशी तपासलेला आणि प्रबंधिकेच्या रूपात लिहून सादर केलेला स्वतंत्र अभ्यास म्हणजे पदव्युत्तर संशोधन प्रकल्प. पदवी पातळीवरच्या प्रकल्पात चालणारी प्रणाली उभी करून दाखवली की काम बहुतेक पुरे होते. पदव्युत्तर पातळीवर मात्र ती प्रणाली साधन ठरते आणि तिच्या आधारे नव्याने काय कळले, हा परीक्षणाचा मुख्य मुद्दा असतो. पीएच.डी.च्या प्रबंधाने ज्ञानात मौलिक भर घालावी अशी अपेक्षा असते. पदव्युत्तर प्रकल्पाकडे तेवढी मागणी नसली, तरी प्रश्न मांडण्याची, आधीचे काम पारखण्याची आणि आपला निष्कर्ष कुठवर खरा आहे हे सांगण्याची शिस्त तीच असते.

प्रकल्पाला किती वेळ आणि किती भार द्यायचा, हे अभ्यासक्रमानुसार बदलते. ब्रिटनमधील एक वर्षाच्या एमएस्सीत एकूण १८० श्रेयांकांपैकी साधारणपणे ६० श्रेयांक प्रकल्पाचे असतात आणि ते काम उन्हाळ्याच्या महिन्यांत होते. युरोपीय श्रेयांक पद्धतीत दोन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी बहुधा ३०, म्हणजे एक पूर्ण सत्र, प्रबंधिकेसाठी राखलेले असते. काही ठिकाणी शिकवणीचे विषय आणि प्रकल्प शेजारी शेजारी चालतात, तर केवळ संशोधनावर आधारलेल्या पदव्युत्तर पदव्यांत जवळजवळ सगळा वेळ प्रबंधालाच जातो.

या प्रकारच्या कामाची परंपरा संगणकशास्त्र हा स्वतंत्र विषय होण्याआधीपासूनची आहे. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, पदव्युत्तर पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात रिले आणि स्विच यांची जोडणी बुलीय बीजगणिताने, म्हणजे फक्त खरे-खोटे अशा दोन मूल्यांच्या गणिताने, मांडता येते, हे दाखवून दिले. तोवर अशी मंडले अनुभवाच्या जोरावर रचली जात. शॅनन यांच्यानंतर ती समीकरणांनी सोपी करता येऊ लागली आणि अंकीय मंडलांच्या रचनेचा पाया घातला गेला. प्रबंध लिहिला तेव्हा ते २१ वर्षांचे होते. संगणनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केंब्रिज विद्यापीठात १९५३ मध्ये पदविकेच्या रूपाने सुरू झाला, आणि अमेरिकेत सिस्टर मेरी केनेथ केलर यांना १९६५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून मिळालेली पीएच.डी. ही या विषयातील तेथील अगदी पहिल्या डॉक्टरेटांपैकी एक होय.

या इतिहासातील डेव्हिड हफमन यांचे उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे, कारण प्रकल्पाचा प्रश्न कसा असावा हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसते. १९५१ मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना अंतिम परीक्षा किंवा सत्रनिबंध यांपैकी एक निवडण्याची मुभा होती. निबंधाचा प्रश्न असा होता की, चिन्हे कमीअधिक वेळा येत असतील, तर त्यांना शून्य-एकच्या कोणत्या सांकेतिक मालिका द्याव्यात, म्हणजे संदेशाची सरासरी लांबी सर्वांत कमी होईल. फॅनो आणि शॅनन या दोघांनाही याचे सर्वोत्तम उत्तर सापडलेले नव्हते, याची हफमन यांना कल्पना नव्हती. बरेच महिने झटल्यावर त्यांनी नाद सोडून परीक्षेच्या तयारीला लागायचे ठरवले, आणि त्याच सुमारास त्यांना वाट सापडली. आधीची पद्धत सगळ्या चिन्हांचा गट वरून खाली दुभागत जाई. हफमन यांनी दिशा उलटी केली. सर्वांत विरळ येणारी दोन चिन्हे एकत्र बांधायची, त्यांच्या वारंवारतांची बेरीज करून त्यांना एकच चिन्ह मानायचे, आणि शेवटी एकच गाठ उरेपर्यंत हे करत राहायचे. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज झिप फायलींत आणि जेपीईजी चित्रांत वापरली जाते. प्रश्न एका वाक्यात मावणारा होता, उत्तर बरोबर की चूक हे सिद्ध करता येत होते, आणि तुलना कोणत्या पद्धतीशी करायची हे आधीच ठरलेले होते. प्रकल्पाचा विषय निवडताना याहून चांगली कसोटी नाही.

प्रत्यक्षात विद्यार्थी मार्गदर्शकाकडे येतो तो बहुधा प्रश्न घेऊन नव्हे, तर क्षेत्राचे नाव घेऊन. ‘मला मशीन लर्निंगमध्ये काम करायचे आहे’ किंवा ‘ब्लॉकचेनवर काहीतरी करू या’ हे विषय नव्हेत. ‘छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणे’ हा विषय झाला, पण प्रश्न अजून झालेला नाही. ‘एका रुग्णालयातील एक्स-रेंवर शिकवलेले प्रारूप (उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय रचना) दुसऱ्या रुग्णालयाच्या यंत्राने काढलेल्या एक्स-रेंवर किती घसरते, आणि प्रतिमांची उजळता एकसारखी करून घेतल्यास ती घसरण कमी होते का’ हा मात्र प्रश्न आहे, कारण काय मोजायचे, कशाशी ताडायचे आणि कोणते उत्तर आल्यास आपले गृहीतक चुकले असे म्हणायचे, हे त्यात आलेले आहे. क्षेत्रापासून प्रश्नापर्यंतचा हा प्रवास कित्येकदा मुदतीचा चौथा हिस्सा घेतो. त्या काळात एकही ओळ कोड लिहिला गेला नाही म्हणून विद्यार्थी कासावीस होतात; पण प्रकल्पाचे खरे संशोधन इथेच घडते आणि हा वेळ वाचवणाऱ्यांना तो पुढे दुपटीने मोजावा लागतो, असे म्हणणे वावगे ठरू नये.

पूर्वसंशोधनाचा आढावा, ज्याला सर्रास लिटरेचर सर्व्हे म्हणतात, याच कामाचा भाग आहे. संगणकशास्त्रात नियतकालिकांइतकेच, काही शाखांत त्यांहून अधिक, महत्त्व परिषदांतील शोधनिबंधांना असते. शिवाय १९९१ मध्ये सुरू झालेल्या आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळासारख्या मुक्त संग्रहात निबंध परीक्षणापूर्वीच ठेवले जातात. त्यामुळे वाचायला मिळते अमाप, पण त्यातले काय तावूनसुलाखून निघालेले आहे, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागते. वीस निबंधांचे एकेका परिच्छेदात सारांश लिहिणे म्हणजे आढावा नव्हे. कोणत्या निबंधांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि का जुळत नसावेत, हे दाखवले की आढाव्यातून प्रश्न आपोआप वर येतो.

प्रकल्पांचे स्वरूप उपशाखेप्रमाणे वेगवेगळे असते. सैद्धांतिक प्रकल्पात सिद्धता किंवा अल्गोरिदमच्या गुंतागुंतीचे विश्लेषण असते. प्रणालीविषयक प्रकल्पात काही बांधून त्याचा वेग, विलंब किंवा स्मृतीचा वापर मोजला जातो. मानव-संगणक आंतरक्रियेच्या अभ्यासात माणसे सहभागी होतात, म्हणून त्यांची संमती आणि नीतिमत्ता समितीची परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत खुल्या प्रकल्पांचा जुना इतिहास चाळून दोष कुठे आणि कधी शिरतात, याचा मागोवा घेतला जातो. सैद्धांतिक कामाला महागडी यंत्रसामग्री लागतेच असे नाही, याची साक्ष कानपूरच्या आयआयटीत मिळते. २००२ मध्ये मणिंद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या विद्यार्थ्यांसह, दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे संख्येतील अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, खात्रीने ठरवणारा अल्गोरिदम मांडला. त्याची सुरुवात या दोघांच्या बी.टेक.च्या प्रकल्पातून झाली होती, आणि या कामाला २००६ मध्ये सैद्धांतिक संगणकशास्त्रातील गोडेल पारितोषिक मिळाले.

प्रायोगिक प्रकल्पांचे यशापयश मात्र तुलनेच्या प्रामाणिकपणावर ठरते, आणि अडचणी सर्वाधिक येतात त्याही इथेच. समजा, एका विद्यार्थ्याने सुचवलेली नवी पद्धत एका डेटासेटवर चालवली आणि अचूकता ९२.० टक्के आली. प्रचलित पद्धतीची अचूकता ९०.९ टक्के आहे. एवढ्यावर प्रबंधिकेत ‘आमची पद्धत सरस आहे’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. पण अशा पद्धतींत वापरल्या जाणाऱ्या न्यूरल नेटवर्क या प्रारूपाची सुरुवात यादृच्छिक संख्यांनी होते आणि ती संख्यामाला ज्या बीजावरून तयार होते ते बीज बदलले की निकालही हलतो. तीच पद्धत पाच बीजांनी चालवल्यावर ९१.२, ८८.७, ९०.४, ९२.० आणि ८९.१ असे आकडे आले, तर सरासरी ९०.२८ भरते आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप, सुमारे १.३९. म्हणजे सुरुवातीचा ९२.० हा आकडा पाचांतला सर्वांत वरचा होता, आणि सरासरीने पाहिले तर नवी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा किंचित मागेच आहे. जुन्या पद्धतीचा आकडा तरी एकाच धावेचा आहे का, तिचे प्राचल (जुळवून घ्यायची मूल्ये) तितक्याच मेहनतीने जुळवले होते का, हे प्रश्न त्यानंतर येतात. आपल्या पद्धतीवर दोन महिने आणि तुलनेच्या पद्धतीवर एक दुपार खर्च केली असेल, तर तक्त्यातील फरक पद्धतींचा नसून मेहनतीचा असतो.

दुसरा दोष डेटाच्या गळतीचा. वरच्या एक्स-रेच्या उदाहरणात एकाच रुग्णाच्या अनेक प्रतिमा असतात. प्रतिमांची सरमिसळ करून ८० टक्के शिकवण्यासाठी आणि २० टक्के चाचणीसाठी काढल्या, तर त्याच रुग्णाच्या फासळ्या दोन्हीकडे जातात आणि प्रारूप आजाराऐवजी रुग्णच ओळखायला शिकू शकते. विभागणी प्रतिमांची न करता रुग्णांची करणे हा त्यावरचा उपाय. तो केला की अचूकता खाली येते. खाली आलेला तो आकडाच खरा असतो आणि प्रबंधिकेत तोच छापायला हवा. नामांकित डेटासेटही यातून सुटलेले नाहीत. सिफार-१० आणि सिफार-१०० या प्रसिद्ध चित्रसंग्रहांची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या चाचणीच्या चित्रांपैकी अनुक्रमे ३.३ आणि १० टक्के चित्रांच्या जवळपास हुबेहूब प्रती शिक्षणसंचातच असल्याचे आढळले. पद्धतीत पाच नव्या गोष्टी घातल्या असतील, तर त्या एकेक काढून निकाल पाहणे, ज्याला ॲब्लेशन म्हणतात, हेही आवश्यक असते. सुधारणा नेमकी कशामुळे झाली, हे एरवी कळत नाही.

काम पुन्हा करून पाहता येणे ही अट आता पूर्वीपेक्षा काटेकोरपणे पाळली जाते. कोड गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात, ठेवणे, वापरलेल्या तयार कोडसंचांच्या (लायब्ररींच्या) आवृत्त्या नोंदवणे, प्रत्येक आलेख ज्या प्रयोगातून निघाला त्याची आज्ञा आणि बीज लिहून ठेवणे, ही साधी वहीखात्याची शिस्त आहे. असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी ही संस्था तर शोधनिबंधांबरोबरचा कोड आणि डेटा तपासून स्वतंत्र मानचिन्हे देते. सहा महिन्यांपूर्वीचा स्वतःचाच आकडा पुन्हा काढता येत नाही, हा अनुभव विद्यार्थ्यांना लिखाणाच्या शेवटच्या आठवड्यात येतो, आणि तेव्हा जीपीयूचा, म्हणजे अशा प्रयोगांना लागणाऱ्या वेगवान प्रोसेसरचा, वाटा दुसऱ्या कोणाकडे गेलेला असतो.

मौखिक परीक्षेत, म्हणजे व्हायवात, बाह्य परीक्षक बहुधा सादरीकरणाच्या सुबक पानांवर रेंगाळत नाहीत. ते एखाद्या आलेखावर बोट ठेवतात आणि ‘ही रेघ इथे अचानक खाली का आली?’ असे विचारतात. ज्याने प्रयोग स्वतः केला आहे, त्याने ती खोच आधीच पाहिलेली असते, तिच्यावर रात्र घालवलेली असते, आणि कारण सापडले नसले तरी काय काय तपासून पाहिले हे तो सांगू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून कोड आणि गद्य दोन्ही यंत्राकडून लिहून घेणे सोपे झाले आहे. अनेक विद्यापीठांनी अशा वापराचे लेखी निवेदन मागायला सुरुवात केली आहे. या बदलामुळे समोरासमोरच्या प्रश्नोत्तरांचे वजन वाढले, हे योग्यच झाले.

उद्योगांत केलेल्या प्रकल्पांत खरा डेटा आणि खरी अडचण मिळते, पण गोपनीयतेच्या करारामुळे निष्कर्ष छापता येतील का, आणि कोडवर मालकी कोणाची, हे पहिल्याच आठवड्यात लेखी ठरवून घ्यावे लागते.

बहुतेक प्रबंधिका ग्रंथालयाच्या संग्रहात जातात आणि नंतर थोड्यांनाच वाचक मिळतात. काहींचे मात्र वेगळे होते. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचा हेलसिंकी विद्यापीठातील १९९७ चा पदव्युत्तर प्रबंध त्यांनी घडवलेल्या लिनक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीवर, ही प्रणाली निरनिराळ्या प्रोसेसरांवर नेण्याविषयी होता. अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की यांनी टोरांटो विद्यापीठात विद्यार्थी असताना सहकाऱ्यांसह सिफारचे संग्रह तयार केले आणि २००९ च्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात त्यांचे वर्णन केले. सिफार-१० मध्ये ३२ गुणिले ३२ बिंदूंची ६०,००० चित्रे आहेत, त्यांतील ५०,००० शिकवण्यासाठी आणि १०,००० चाचणीसाठी, आणि त्यांवरची नावे पैसे देऊन नेमलेल्या विद्यार्थ्यांनी एकेक चित्र पाहून दिलेली आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील केंद्रात डेव्हिड आहा आणि त्यांच्या सहाध्यायी विद्यार्थ्यांनी १९८७ मध्ये फाइली उतरवून घेण्यापुरता सुरू केलेला डेटासेटांचा संग्रहही आज चालू आहे, आणि मशीन लर्निंगचा पहिला प्रयोग करणारे कितीतरी विद्यार्थी अजूनही तिथूनच डेटा घेतात.