बॉक्सिंगचा ग्लोव्ह कसा पारखायचा?

मुलगी बॉक्सिंगच्या क्लासला जायला लागली की पहिल्याच आठवड्यात वडील तिला घेऊन खेळाच्या दुकानात जातात. "भाऊ, बारा औंसचा चांगला ग्लोव्ह दाखवा." दुकानदार काउंटरवर चार जोड्या मांडतो. लाल, काळा, सोनेरी पट्ट्यांचा. वडील किंमत विचारतात, मुलगी रंग निवडते आणि दहा मिनिटांत खरेदी आटोपते. जळगाव असो, धुळे असो की भुसावळ, आत काय भरलंय हे सहसा कुणी विचारत नाही. मला याची कळकळ वाटते, कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हातांची हाडं अजून वाढत असतात आणि त्यांना सांभाळायचं काम त्या भरावाचंच असतं.

आधी औंसचं पाहू. औंस हे वजनाचं माप आहे. १ औंस म्हणजे साधारण २८.३५ ग्रॅम. म्हणजे १२ औंसचा एक ग्लोव्ह ३४० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा आणि १६ औंसचा ४५४ ग्रॅमच्या आसपास. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही ग्लोव्ह वेगवेगळे ठेवून बघा. उजव्या-डाव्यात बराच फरक निघाला, तर जोडी परत करा. पण वजन बरोबर भरलं म्हणून ग्लोव्ह चांगला, असंही नाही. त्या वजनात कातडं, अस्तर, वेल्क्रोचा पट्टा, शिवण असं सगळं आलं. जाड रेक्झिन आणि भलामोठा पट्टा लावून वजन गाठलेल्या ग्लोव्हमध्ये फोम कमी असू शकतो.

तो फोम नेमकं काय करतो?

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिंपिक दर्जाच्या बॉक्सरांना यंत्रं बसवलेल्या पुतळ्याच्या चेहऱ्यावर ठोसे मारायला लावले होते. मुठीचा वेग सरासरी सेकंदाला ९ मीटरच्या थोडा वर होता, ठोशामागे प्रत्यक्ष काम करणारं हाताचं वस्तुमान ३ किलोच्या जवळपास होतं आणि बल सरासरी ३,४०० न्यूटन भरलं. म्हणजे क्षणभरासाठी जवळजवळ साडेतीनशे किलोचा भार. आता शाळेतलं गणित करू. ३ किलो वस्तुमान, सेकंदाला ९ मीटर वेग, म्हणजे ऊर्जा सुमारे १२० ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. मूठ १ सेंटिमीटरमध्ये थांबली तर सरासरी बल १२,००० न्यूटन होतं. तीच मूठ ३ सेंटिमीटरमध्ये थांबली तर ४,००० न्यूटन. सरावाला टांगलेली ठोसे मारायची बॅग स्वतःही मागे सरकते, म्हणून खरे आकडे याहून कमी येतात, पण हिशेब तोच राहतो: थांबायला जागा तिप्पट मिळाली की मार एक तृतीयांश होतो. सावदा-रावेरला केळीचे घड ट्रकमध्ये भरताना मध्ये पाला घालतात, त्यामागचं शास्त्रही हेच आहे.

मात्र नुसती जाडी पुरत नाही. फोममध्ये हवेच्या बारीक बारीक कप्प्यांचं जाळं असतं. दाब पडला की आधी कप्प्यांच्या भिंती वाकतात, मग कोलमडतात. हे होत असताना फोम भरपूर दबतो, पण बल फारसं वाढत नाही. ग्लोव्हचं खरं काम चालतं ते याच टप्प्यात. त्यापुढे भिंती एकमेकींना चिकटतात, आत दबायला जागा उरत नाही आणि फोम एकदम घट्ट ठोकळ्यासारखा वागू लागतो. बल झपकन चढतं. फार मऊ फोम या टोकाला लवकर पोचतो. हाताला गुबगुबीत लागणारा स्वस्त ग्लोव्ह बॅगवर हाडं दुखवतो, तो यामुळेच. उलट फार कडक फोम दबतच नाही. म्हणून चांगल्या ग्लोव्हमध्ये कमी-जास्त कडकपणाचे थर असतात. कडक थर मार मोठ्या भागावर पसरवतो, मऊ थर थांबायला जागा देतो.

हे दुकानातच तपासता येतं. आधी हँडरॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, बांधा, कारण ग्लोव्ह त्यावरच घालायचा असतो. मग ग्लोव्ह घालून मूठ वळा. बोटं पूर्ण मिटत नसतील, मूठ अर्धवट उघडी राहत असेल, तर तो ग्लोव्ह ठेवून द्या. मूठ मिटली, तर ती भिंतीला सरळ टेकवा आणि हळूहळू अंगाचा भार टाका. मुठीच्या उंचवट्यांना, म्हणजे पोरं ज्यांना नकल म्हणतात त्यांना, भिंत टोचायला लागली की समजा फोम संपला. अंगाचा पूर्ण भार टाकला तरी ६० किलोच्या माणसाचं बल जेमतेम ६०० न्यूटन. एवढ्यावर जो ग्लोव्ह हात टेकतो, तो ठोशाला काय पुरणार? शेवटी पुढच्या भागावर अंगठा दहाएक सेकंद दाबून सोडा. खळगा लगेच भरून यायला हवा.

मनगटाकडेही लक्ष द्या. ठोशाचा मार तर्जनी आणि मधल्या बोटामागच्या हाडांतून सरळ पुढच्या हातात गेला, तर हात तो पेलतो. मनगट वाकलं किंवा मार करंगळीकडे गेला की त्या बाजूचं बारीक हाड बोटाच्या मुळाशी, त्याच्या टोकाखालच्या निमुळत्या भागात मोडतं. या मोडण्याला डॉक्टर बॉक्सरचं फ्रॅक्चर म्हणतात, पण ते जास्त करून रागाच्या भरात भिंतीवर बुक्की मारणाऱ्यांना होतं. पट्टा आवळून दुसऱ्या हाताने मनगट वाकवून पाहा. सहज वाकलं तर पट्टा बिनकामाचा. अंगठा ग्लोव्हच्या अंगाला शिवलेला आहे ना, तेही बघा. सुटा अंगठा मुरगळतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत त्याहून किती तरी जास्त तापतं. तापलेला फोम मऊ पडतो. तशात वर बूट, बाटली, वह्या दाबून ठेवल्या की कप्पे दबलेल्या अवस्थेतच बसतात आणि फोम पुन्हा पुरता फुगत नाही. म्हणून किट घरात ठेवा. सराव झाला की ग्लोव्ह उघडे करून सावलीत, वाऱ्यावर टांगा. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात ते भराभर वाळतात. पावसाळ्यात मात्र आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला, नाहीतर बुरशी धरते. वास घामाचा कमी आणि घामावर वाढणाऱ्या जिवाणूंचा जास्त असतो, तेव्हा अत्तर मारून उपयोग नाही.

बॅगही एकदा चाचपा. चिंध्या भरलेली बॅग महिनोन्‌महिने टांगून राहिली की भराव खाली बसतो. वर पोकळ, खाली दगड. अशा बॅगपुढे महागडा ग्लोव्हही हरतो. ती उतरवून, मोकळी करून पुन्हा भरायला एक दुपार पुरते.

आता पालकांना स्पष्ट सांगायची गोष्ट. ग्लोव्ह मेंदूला वाचवत नाही. १७४३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटन या बॉक्सरने सरावासाठी भरावाचे ग्लोव्ह आणले, बॉक्सिंगच्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ते लढतीतही सक्तीचे केले. हात आणि चेहरा कमी फुटू लागला. पण डोकं झटक्याने वळलं की कवटीच्या आत मेंदू हिसकला जातो, आणि तो झटका फोम थोडाच कमी करतो. हेडगार्डही मुख्यतः कापणं-फुटणं टाळतो. म्हणून मुलांच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीत, डोक्यावरचे ठोसे हलकेच असावेत, आणि डोकं गरगरलं तर त्या दिवशी सराव बंद करून डॉक्टरांना दाखवावं.

स्पारिंगला सहसा १६ औंसची वेगळी जोडी वापरतात, बॅगला १२ किंवा १४ ची. दोन जोड्या परवडत नसतील तर क्लासने मोठ्या ग्लोव्हच्या दोन-तीन जोड्या सामाईक ठेवाव्यात, पण बॅगवर झिजलेला ग्लोव्ह कुणाच्या तोंडासमोर नेऊ नये. नवा ग्लोव्ह घरी आणला की पुढच्या भागाची जाडी पट्टीने मोजून पट्ट्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजा. जाडी स्पष्ट घटलेली दिसली किंवा अंगठ्याचा खळगा भरायला वेळ लागू लागला, की ती जोडी फक्त हवेत ठोसे मारण्याच्या सरावाला ठेवा.