रुक्मिणी, रुखमीन, रुखमा : वऱ्हाडच्या लेकीचं नाव

वऱ्हाडातले जुने सातबारे चाळले की ‘रुखमा जौजे’ (म्हणजे अमक्याची बायको) नाहीतर ‘रुखमा बेवा’ (अमक्याची विधवा) अशी नोंद कुठे ना कुठे भेटतेच. पुढे दोन पिढ्या हे नाव गावांतून मागे पडत गेलं. आता बारशाच्या पत्रिकांवर ‘रुक्मिणी’ पुन्हा दिसू लागलं आहे. पण आजीची रुखमा आणि नातीची रुक्मिणी हे एकच नाव आहे, हे पुष्कळ घरांच्या ध्यानात येत नाही. नाव पुस्तकातून शोधून काढल्यासारखं ठेवलं जातं आणि घरातलीच रुखमा बाजूला राहते.

मूळ शब्द ‘रुक्म’, म्हणजे सोनं. भागवताच्या दहाव्या स्कंधात विदर्भाचा राजा भीष्मक याच्या मुलांची नावं दिली आहेत : रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली, आणि एकुलती एक बहीण रुक्मिणी. साऱ्या भावंडांची नावं एकाच शब्दाभोवती गुंफलेली. भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर. तेच आजचं कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. 1962 ते 1964 या काळात तिथे पुरातत्त्व खात्याचं उत्खनन झालं. सातवाहन काळाच्या आणि त्याआधीच्याही वस्तीच्या खुणा मिळाल्या. त्यामुळे कथेतल्या रुक्मिणीचा पुरावा मिळत नाही, पण गाव फार जुनं आहे एवढं नक्की ठरतं.

पुढची कथा सर्वांच्या परिचयाची. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला द्यायला निघाला. तिने सात श्लोकांचं पत्र लिहून ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पाठवलं आणि कृष्णाला बोलावून घेतलं. लग्नाआधी कुलदेवीच्या दर्शनाला गेली असता कृष्णाने तिला रथात घेतलं. ही देवी म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असं इथली परंपरा मानते. आपलं लग्न आपण ठरवणारी मुलगी असा या नावाचा पहिला अर्थ आहे, आणि मराठी कवींनी तोच उचलून धरला. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने याच लग्नावर ‘धवळे’, म्हणजे लग्नगीतं, रचली. तिला मराठीची आद्य कवयित्री मानतात, आणि हे धवळे ज्या रिद्धपुराशी जोडलेले आहेत ते अमरावती जिल्ह्याच्याच मोर्शी तालुक्यात येतं. पुढे शके 1493, म्हणजे 1571 मध्ये एकनाथांनी काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ अठरा प्रसंगांत पूर्ण केलं. लग्न जुळावं म्हणून उपवर मुलींनी त्याचं पारायण करायची रीत आजही पाळली जाते.

विदर्भाच्या लेकी म्हणून दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा यांचीही नावं घेतली जातात. त्या मोठ्या खऱ्या, पण जात्यावरच्या ओव्यांत पोचली ती रुक्मिणीच. कारण ती पंढरपूरला विठ्ठलाशेजारी उभी आहे. कौंडण्यपूरहून तिची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला जाते, आणि ही परंपरा 1594 पासूनची सांगितली जाते. महिनाभराहून अधिक चालून माहेरची पालखी सासरी पोचते. ज्या नावाची पालखी दरसाल गावातून निघते ते लक्षात ठेवायला पोथी वाचता येण्याची गरज नसते.

नावाचं रूप कसं बदललं, हे या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं. ‘क्म’ हे जोडाक्षर मराठी जिभेला सोयीचं नाही. रोजच्या बोलण्यात क आणि म यांच्यात स्वर शिरतो, क चा ख होतो, आणि ‘रुक्मि’चं ‘रुखमी’ किंवा ‘रखुम’ होतं. शेवटच्या ‘णी’ची दीर्घ ई गळाली की ‘रुखमीण’. वऱ्हाडीत ण चा न होतो, पाण्याचं पानी होतं तसंच, म्हणून इथे ‘रुखमीन’. त्याहून लाडाचं आणि आखूड रूप ‘रुखमा’. आई जोडली की ‘रखुमाई’, मानाने बाई लावलं की ‘रुखमाबाई’.

ही रूपं अडाण्यांनी बिघडवलेली आहेत असं शिकलेली माणसं सहज बोलून जातात. ते साफ चूक आहे. ज्ञानेश्वरांच्या अभंगांची नाममुद्रा ‘बापरखुमादेवीवरु’ अशी आहे. त्यांच्या आईचं नाव रुक्मिणी. पोथीतलं रूप त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी अभंगात रखुमाच आली. सातशे वर्षांपूर्वी अभंगात मान मिळालेलं रूप अशुद्ध कसं म्हणायचं? रुखमा हे रुक्मिणीचं मराठी रूप आहे.

मग नाव मागे का पडलं? एक कारण घरातल्या रीतीचं. सून सासूचं नाव तोंडाने घेत नसे. आजीचं नाव नातीला ठेवलं, तर लेकीला हाक मारताना आईच अडखळायची. म्हणून कागदावर रुखमा आणि घरात बेबी, छबी, ताई. कालांतराने कागदावरूनही रुखमा गेली. दुसरी रीत लग्नातली. परातीत तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माहेरची रुखमा त्या तांदळात पुसली जाऊन पार्वती नाहीतर शांता व्हायची. सासूच रुखमा असली, तर सुनेचं नाव बदलणं ठरलेलंच.

तिसरं कारण जास्त लागणारं आहे. नाटक-सिनेमांत मोलकरणीला रखमा म्हणायची सवय पडली. शाळेत जाणाऱ्या मुलींना हे नाव नकोसं झालं, आणि आईबापांनी सुनीता, संगीता, मनीषा अशी नावं धरली. ज्या नावाच्या बाईने इंग्रजांच्या कोर्टाला वाकायचं नाकारलं, त्याच नावाची ही गत व्हावी, याचं वाईट वाटतं. डॉ. रखमाबाई (1864–1955) मुंबईच्या. अकराव्या वर्षी झालेलं लग्न त्यांनी मान्य केलं नाही. 1884 मध्ये नवऱ्याने दावा लावला. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं : नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी नोकरी केली. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यामागे या खटल्याचीही चर्चा होती. त्यांचंही नाव कुठे रखमाबाई, कुठे रुखमाबाई, कुठे रुक्माबाई असं छापलेलं दिसतं.

आता नाव परत येतं आहे ते बहुधा पूर्ण, पोथीतल्या रूपात. रुक्मिणी वसंत, रुक्मिणी मैत्र अशा नट्यांमुळे ते कानाला पुन्हा नवं वाटू लागलं. कुंडली पाहणाऱ्या घरांत आणखी एक सोय आहे : स्वाती नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं रू, रे, रो, ता. मुलगी स्वातीच्या पहिल्या चरणावर जन्मली की ‘रू’ हे अक्षर येतं, रास तूळ. या अक्षरावरच्या मुलींच्या नावांत रुक्मिणीही बसतं.

लिहिताना मात्र जपायला हवं. चरणाचं अक्षर दीर्घ ‘रू’ असलं, तरी नावात रु ह्रस्व. मि ह्रस्व, णी दीर्घ, आणि ण च, न नव्हे : रुक्मिणी. रूक्मिणी, रुक्मीणी, रुख्मिनी अशी रूपं दाखल्यांवर सर्रास सापडतात, कारण नाव तोंडी सांगितलं जातं आणि लिहिणारा ऐकलं तसं लिहितो. लाडाने ‘रुक्मी’ म्हणायचं असेल तर थांबा, ते भावाचं नाव आहे, बहिणीच्या लग्नात आडवा आलेल्या त्याच भावाचं. त्यापेक्षा रुखमा, रुखमी किंवा रुखू बरं.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. त्या वेळी नाव ठरलेलं नसलं, तरी नोंद अडत नाही. नावाची जागा कोरी राहते, 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट भरता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, त्यामुळे दाखला माहेरच्या बाजूला राहतो आणि शाळेच्या वेळी धावाधाव होते. चूक झाली, तर निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहितो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, म्हणून दाखला घरी आणण्याआधी त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचून घ्यावं. रोमन लिपीतलं स्पेलिंगही त्याच दिवशी ठरवावं : ‘के’ की ‘केएच’, शेवटी एक ‘आय’ की दोन ‘ई’. मागाहून आधारवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं आलं की दुरुस्तीचा खर्च मुलीच्या वाट्याला येतो.

जुन्या रुखमांचा कागद याहून किचकट. कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, पुष्कळदा नावच नसतं, नुसतं ‘मुलगी झाली’ एवढंच. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, शाळेत गेली असेल तर, रुखमा. रेशनकार्डावर रुख्माबाई, आधारवर रुक्मिणीबाई, सातबाऱ्यावर रखमा बेवा, आणि लग्नातलं नाव पार्वती ते वेगळंच. ती गेल्यावर वारस फेरफाराला तलाठी विचारतो, या बाया किती? तेव्हा ‘या साऱ्या नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, आणि त्यात प्रत्येक कागदावरचं रूप जसंच्या तसं, चुकीच्या वेलांटीसकट उतरवायचं. एक रूप सुटलं की ते प्रतिज्ञापत्र पुन्हा करावं लागतं. आजी हयात असतानाच तिची सगळी नावं, माहेरचंही, तिच्या तोंडून विचारून एका वहीत लिहून ठेवली, तर नातीची रुक्मिणी कुठून आली तेही त्याच पानावर सापडतं.