चूक कोणाची? टीव्हीवरच्या तळ्यात-मळ्यात जोडप्यांवरून पडणाऱ्या दोन तटांची पार्श्वभूमी

वर्षानुवर्षं चाललेलं, तुटणारं, परत जुळणारं आणि परत तुटणारं प्रेम दाखवणारी कुठलीही सिरीयल घ्या, प्रेक्षकांचे दोन तट पडतातच. एक गट म्हणतो किती खरं दाखवलंय, असंच असतं. दुसरा म्हणतो अरे हा सरळ सरळ छळ आहे आणि तुम्ही त्याला रोमँटिक म्हणताय. शिवाय तिसरे असतात, दोन्ही पात्रांना शिव्या घालत एकही एपिसोड न चुकवणारे. हे सगळं आत्ता दोन-चार वर्षांत सुरू झालंय असं वाटतं खरं, पण भांडण खूप जुनं आहे आणि मागे मागे जाऊन बघितलं की दिसतं, प्रश्न जवळजवळ तोच राहिलाय, चूक कोणाची, उत्तर मात्र काळाप्रमाणे पार उलटंपालटं झालंय.

सुरुवात १९६७ पासून करू. बीबीसीने 'द फोरसाइट सागा' नावाची २६ भागांची ब्लॅक अँड व्हाइट मालिका आणली, आधी बीबीसी टू वर, जे तेव्हा बऱ्याच घरांत दिसतच नव्हतं, आणि मग १९६८ मध्ये रविवारी संध्याकाळी बीबीसी वन वर परत दाखवली तेव्हा तिने धुमाकूळ घातला. शेवटचा भाग सुमारे १ कोटी ८० लाख लोकांनी बघितला, चर्चनी संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळा बदलल्या असं सांगतात. कथेच्या मध्यभागी सोम्स आणि आयरीन हे नवरा-बायको. तिचं त्याच्यावर प्रेम नाही, त्याला ती हवीच आहे, मालमत्तेसारखी, आणि एका रात्री तो तिच्यावर बळजबरी करतो. आज असा सीन दाखवला तर पुढचं बोलायचं कारणच उरत नाही. तेव्हा मात्र देश दोन भागांत वाटला गेला आणि सोम्सची बाजू घेणारे काही थोडेथोडके नव्हते, बिचारा, बायकोने इतकं तोडून वागवल्यावर काय करणार वगैरे. एरिक पोर्टरने सोम्स केलाही असा की त्याची कीव यावी, हे एक कारण. पण दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं, नवऱ्याने केलेली बळजबरी हा इंग्लंडमध्ये तेव्हा गुन्हाच धरला जात नव्हता, तो १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवरच्या निकालाने धरला गेला. म्हणजे प्रेक्षक सोम्सबद्दल जे म्हणत होते तेच कायदाही म्हणत होता.

मग १९७३, स्वीडन. इंगमार बर्गमनची 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज', सहा भाग, जवळजवळ सगळा वेळ दोनच माणसं आणि बंद खोल्या. लिव उलमनची मारियान आणि एरलँड योसेफसनचा योहान. वरवर आदर्श जोडपं, तिसऱ्या भागात तो येऊन सांगतो की दुसरीवर प्रेम बसलंय, उद्या चाललो. नंतर घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला भेटतात तेव्हा मारामारीपर्यंत जातात, आणि वर्षांनंतर दोघंही दुसऱ्यांशी लग्न करून परत एकमेकांनाच चोरून भेटताना दिसतात. आता काय म्हणायचं याला? प्रेम आहे की सवय आहे की आणखी काही, बर्गमन सांगतच नाही. या मालिकेमुळे स्वीडनमध्ये घटस्फोट भराभर वाढले ही गोष्ट तेव्हापासून आजपर्यंत सांगितली जाते, मला ती फार पटत नाही, कारण १ जानेवारी १९७४ पासून तिथे नवीन कायदा आला आणि घटस्फोटासाठी कारण द्यायची गरजच संपली. लहान मुलं असतील किंवा एकाला नको असेल तर सहा महिने थांबायचं, बस. आकडा उडाला तो बहुतेक त्याने. पण गोष्ट टिकली ती यासाठी की काही लोकांना अशी मालिका म्हणजे घर मोडणारी वस्तूच वाटते आणि काहींना ती डोळे उघडणारी वाटते, आणि दोन्ही बाजूंना हाच किस्सा पुरावा म्हणून कामाला येतो.

अमेरिकेत याच्यापेक्षा विचित्र प्रकार झाला. 'जनरल हॉस्पिटल' ही दुपारची सिरीयल, १९७९ मध्ये त्यात ल्यूक नावाचा माणूस लॉरावर बलात्कार करतो. लॉराचं काम करणारी जेनी फ्रान्सिस तेव्हा १७ वर्षांची होती. पुढे काय व्हावं? ल्यूक म्हणजे अँथनी गीरी लोकांना आवडायला लागला, रायटर लोकांनी हळूहळू त्याला हिरो केलं, त्या रात्रीला बलात्कार म्हणायचं सोडून दिलं, आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये दोघांचं लग्न लावलं. साधारण ३ कोटी लोकांनी बघितलं ते, एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून आली होती, दुपारच्या सिरीयलचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. तेव्हाही विरोध करणारे होते, पण त्या जल्लोषात त्यांचं कोण ऐकतंय. १९९८ मध्ये मात्र त्याच सिरीयलने तो विषय स्वतःच उकरून काढला, त्यांचा मोठा झालेला मुलगा लकी त्याला हे कळतं आणि तो बापाला जाब विचारतो. एकच कथा, एकच चॅनल, तेच नट, आणि १९ वर्षांत निकाल फिरवला. जुन्या प्रेक्षकांना राग आला की आमच्या आवडत्या जोडीची माती केली, तर बाकीच्यांना वाटलं की हे इतक्या उशिरा कशाला.

इथे 'डॅलस' या तेलश्रीमंत अमेरिकन कुटुंबाच्या सिरीयलचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जे. आर. आणि सू एलन, टीव्हीच्या इतिहासातलं सगळ्यात वाईट चाललेलं लग्न असेल बहुतेक, तो बाहेरख्याली, ती दारूत, घटस्फोट, परत एकमेकांशीच लग्न, परत तेच. १९७८ ते १९९१ चाललं हे. जगभर बघितलं गेलं त्यामुळे अभ्यासकांना आयतीच संधी मिळाली. नेदरलँड्समध्ये इएन आंगने एका बायकांच्या मासिकात छोटी जाहिरात दिली, मला डॅलस बघायला आवडतं पण लोक त्यावर विचित्र प्रतिक्रिया देतात, तुम्हाला काय वाटतं ते लिहून कळवा, अशा अर्थाची. ४२ पत्रं आली. काही प्रेमाने लिहिलेली, काही नुसता तिरस्कार, आणि काही अशा लोकांची की आम्ही बघतो पण फक्त टिंगल करायला. तिचं म्हणणं असं की आवडणाऱ्यांना ती सिरीयल खरी वाटत होती ती तेलाच्या विहिरी किंवा हवेल्यांमुळे नाही, त्यातलं सुख-दुःख, सतत वर-खाली होणारं, ते ओळखीचं वाटत होतं म्हणून. आणि तिरस्कार करणारे नेमकं बाहेरच्या गोष्टींकडे बोट दाखवत होते, एवढे दागिने घालून कोण भांडतं का. दोघं दोन वेगळ्या थरांवरून बोलत होते, त्यामुळे वाद मिटणं शक्यच नव्हतं.

त्याहून भारी काम तामार लिबेस आणि एलिहू कात्झ यांचं. त्यांनी इस्रायलमध्ये वेगवेगळ्या समाजातले छोटे छोटे गट बसवून त्यांना एपिसोड दाखवला आणि मग गप्पा मारू दिल्या, अरब कुटुंबं, मोरोक्कोहून आलेले ज्यू, रशियातून आलेले, किबुत्झमधले (म्हणजे तिथल्या सामूहिक शेतवस्त्यांतले), शिवाय अमेरिकेत लॉस एंजेलिसमधलेही. एका एपिसोडमध्ये सू एलन बाळाला घेऊन घर सोडते आणि आपल्या जुन्या प्रियकराच्या घरी, जिथे त्याचे वडीलही राहतात, तिथे जाते. एका अरब गटाने मात्र एकमेकांशी बोलता बोलता पक्कं ठरवून टाकलं की ती तिच्या स्वतःच्या वडिलांकडे गेली! सगळ्यांनी सीन बघितलेला, डोळ्यांसमोर घडलेला. पण नवऱ्याशी बिनसलं तर बाई जाणार कुठे, तर बापाकडेच, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट की पडद्यावरचं बाजूला पडलं. माझ्या मते प्रेक्षकांच्या भांडणांबद्दल जे काही लिहिलं गेलंय त्यात यापेक्षा बोलकं उदाहरण नाही. आपण म्हणतो अमुक कॅरेक्टर चुकलं, पण आपण दोघांनी तोच एपिसोड बघितलाय का इथपासून शंका आहे.

आता हे झालं बघणाऱ्यांचं, बनवणाऱ्यांचा पण यात हात आहेच. जोडी सुखात नांदायला लागली की गोष्ट संपते आणि गोष्ट संपली की जाहिराती संपतात, त्यामुळे भिजत घोंगडं ठेवणं हा धंद्याचा भाग. 'मूनलाइटिंग'मध्ये १९८७ च्या मार्चअखेर हिरो-हिरॉइन एकत्र आले आणि त्यानंतर सिरीयल घसरली, तेव्हापासून जोडी जुळवली की शो मेला ही समजूत हॉलिवुडमध्ये रूढ झाली. खरं तर तेव्हा सिबिल शेफर्ड गरोदर होती, ब्रूस विलिस 'डाय हार्ड' करत होता, निर्माता ग्लेन गॉर्डन कॅरन बाहेर पडला आणि १९८८ मध्ये लेखकांचा संप झाला, म्हणजे इतकी कारणं असताना खापर फुटलं प्रेमावर. पण समजूत बसली ती बसली. 'फ्रेंड्स'मधले रॉस-रेचल हे त्याचंच फळ, फेब्रुवारी १९९७ मध्ये रॉस दुसऱ्या मुलीबरोबर गेला तेव्हा दोघं ब्रेकवर, म्हणजे नातं तात्पुरतं थांबवलेले, होते की नव्हते यावरचा वाद, आणि सिरीयलनेच तो २००४ च्या शेवटच्या भागापर्यंत जोक म्हणून वापरला. तेव्हा बहुतेकांना रॉस म्हणजे गोड बावळट प्रेमी वाटायचा, पुढे ज्यांनी स्ट्रीमिंगवर सगळे सीझन सलग बघितले त्यातल्या बऱ्याच नव्या प्रेक्षकांना तो संशयी आणि हक्क गाजवणारा वाटला. आठवड्याला एक भाग बघताना मधल्या दिवसांत माणूस विसरतो, माफ करतो. एका बैठकीत दहा भाग बघितले की त्याच चुका लागोपाठ दिसतात आणि हिशोब वेगळाच लागतो.

आपल्याकडच्या रोजच्या मालिकांचं गणित तर याहून ताणलेलं. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ ते २०२१ चालली, नवरा गुरुनाथ, बायको राधिका, मधे शनाया, आणि एक गट राधिकाला कधी एकदा सोडतेस त्याला म्हणून ओरडत होता, दुसरा संसार वाचव म्हणत होता, आणि कितीतरी लोक शनायाच्याच प्रेमात. पुढे राधिकाचं सौमित्रशी लग्न लावलं तेव्हा परत दोन तट, कोणी म्हणालं शाब्बास, कोणी म्हणालं हे अती झालं. पाणी घालून वाढवलीय ही तक्रार मात्र सगळ्यांची, बघणं न सोडता केलेली.

नव्वदच्या दशकात आणखी एक बदल झाला, प्रेक्षकांनी स्वतःला नावं घेतली. 'द एक्स-फाइल्स'मधल्या मल्डर आणि स्कलीने एकत्र यावं म्हणणारे शिपर्स आणि नको म्हणणारे नोरोमो, तिथून शिपिंग, म्हणजे दोन पात्रांची जोडी जमावी म्हणून पाठीशी उभं राहणं, हा शब्द पसरला. एकदा गट झाला की मग सिरीयलचा शेवट म्हणजे मॅचचा निकाल. २०१४ मध्ये 'हाऊ आय मेट युअर मदर' संपली तेव्हा टेड परत रॉबिनकडेच जातो हे बघून लोक इतके भडकले की त्याच वर्षी डीव्हीडीवर वेगळा शेवट द्यावा लागला. गंमत म्हणजे टेड ज्यांना ही सगळी गोष्ट सांगत असतो त्या त्याच्या मुलांचा शेवटचा सीन दुसऱ्या सीझनच्या वेळीच शूट करून ठेवलेला, मुलं मोठी दिसू नयेत म्हणून. मधल्या वर्षांत पात्रं कुठल्या कुठे गेली, प्रेक्षकही, आणि रायटर जुन्या शेवटाला धरून बसले. 'सेक्स अँड द सिटी'चं उलटं, कॅरी आणि बिग सहा सीझन छळ मांडून २००४ मध्ये एकत्र आले, लोक खूश, पण शो ज्याने तयार केला त्या डॅरन स्टारनेच नंतर म्हटलं की हा शेवट मूळ कल्पनेशी प्रामाणिक नव्हता. आणि २०२१ मध्ये नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात बिगला मारून टाकलं.

त्याच वर्षी एचबीओवर बर्गमनची मालिका नव्याने आली, हगाई लेवीने पाच भागांत केलेली, त्यात घर सोडून जाते ती बायको, मीरा. कथा तीच, फक्त सुटकेस दुसऱ्याच्या हातात, तर सहानुभूतीची वाटणीही बदलली. योहानला स्वार्थी म्हणणारे काही जण मीराला समजून घ्यायला तयार, आणि काही जण बरोबर उलटे.

२०२५ मध्ये 'द समर आय टर्न्ड प्रिटी'च्या शेवटच्या सीझनला गोष्ट इतकी तापली की नायिका बेलीसाठी कॉनराड हवा की त्याचा भाऊ जेरेमाया यावरून लोक नटांनाच शिव्या द्यायला लागले आणि प्राइम व्हिडिओला जाहीरपणे सांगावं लागलं की सिरीयल खोटी आहे पण काम करणारी माणसं खरी आहेत. मूळ कादंबऱ्यांची मालिका २०११ मध्येच संपलेली, शेवट ज्यांना हवा त्यांना माहीत होता, तरी लेखिका जेनी हान तो बदलेल की काय म्हणून आठवड्याला एक भाग जीव मुठीत धरून बघितला लोकांनी. १७ सप्टेंबरला शेवटचा भाग आला, बेलीने एकाला निवडलं, आणि लगेच फिल्म येणार असं जाहीर झालं, म्हणजे भांडायला थोडं राखून ठेवलेलंच होतं.