टॅपेट कव्हरचे पॅकिंग की क्रँकचे मागचे सील?

दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीखाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात नेमक्या त्या सांध्याखाली, काळे थेंब दिसू लागले की निदान बहुधा ऐकण्याआधीच ठरलेले असते: क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हे निदान कधी कधी खरेही निघते. परंतु इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरचे पॅकिंग कडक झाले, तरी त्याच रंगाचे थेंब त्याच जागी पडतात. पहिल्या दुरुस्तीत सील काही शे रुपयांचे आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट असते. दुसरी दुरुस्ती साधी पानापेटी असलेला माणूस घराच्या पार्किंगमध्ये एका सकाळी उरकू शकतो. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने या दोहोंतील फरक स्वतः तपासून घेणे श्रेयस्कर.

दोन्ही भाग रबरी असले, तरी त्यांची कामे वेगळी आहेत. टॅपेट कव्हरचे पॅकिंग दोन स्थिर भागांमध्ये दाबून बसवलेले असते. वर्षानुवर्षे इंजिनाची उष्णता सोसून ते लवचिकपणा गमावते, बोल्टने दाबूनही पृष्ठभागाला चिकटत नाही, आणि कॅम शाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) उडणारे ऑइल कडेने पाझरू लागते. मागचे सील मात्र फिरत्या क्रँक शाफ्टवर ओठासारखे टेकलेले असते. त्याचा ओठ झिजतो किंवा कडक होतो, आणि शाफ्टवर चर पडला असेल तर नवे सीलही फार दिवस टिकत नाही.

गोंधळ होतो तो गुरुत्वाकर्षणामुळे आणि वाऱ्यामुळे. बोलेरो किंवा सुमोसारख्या उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या, इंजिनाच्या गाडीत इंजिन बहुधा किंचित मागे कललेले असते, त्यामुळे कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेले ऑइल हेडच्या (कव्हरखालच्या, इंजिनाच्या वरच्या भागाच्या) पाठीवरून उतरून थेट क्लच हाउसिंगवर येते. मारुतीच्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असल्यामुळे ‘मागचे’ सील खरे तर गाडीच्या एका कुशीला, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, आणि वरून येणारा ओघळ त्याच कुशीला उतरू शकतो. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) असलेल्या जुन्या मारुती इंजिनांत तर तिसराही संशयित असतो: डिस्ट्रिब्युटर हेडच्या त्याच टोकाला बसतो, आणि त्याची छोटी ओ-रिंग गळू लागली की ऑइल गिअरबॉक्सवरच पडते. गाडी धावताना खालचा वारा हे सगळे ऑइल आणखी मागे पसरवतो. थेंब पडण्याची जागा म्हणूनच पुरावा मानू नये. ओली असलेली सर्वांत उंच जागा शोधावी.

त्यासाठी आधी स्वच्छता हवी, आणि नेमका हाच टप्पा घाईत टाळला जातो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, अल्टरनेटर व वायरिंगचे जोड प्लॅस्टिकने झाकून, डिग्रीझर आणि ब्रशने हेडची पाठ, कव्हरची कड आणि क्लच हाउसिंग घासून पुसावे. कोरडे झाल्यावर संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडे अंतर गाडी चालवावी आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे. कव्हरच्या कडेपासून पावडरीत गडद ओघळ उतरलेला दिसला तर पॅकिंग दोषी आहे. वरचा सगळा भाग कोरडा राहून केवळ हाउसिंगच्या तळाच्या सांध्यातून किंवा छिद्रातून, म्हणजे आतून, ऑइल बाहेर येत असेल, तर संशय मागच्या सीलवर जातो. मात्र त्या थेंबाचा वासही घ्यावा: गंधकासारखा उग्र दर्प आला तर ते गिअर ऑइल असून सील गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे असू शकते. गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. जॅक स्टँड लावावेत आणि चाकांना अडण द्यावी.

इतर खुणाही साथ देतात. पॅकिंगमधून गळणारे ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडले तर सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो, क्वचित बॉनेटखालून धूरही निघतो. ही गळती लहान असली तरी आगीच्या धोक्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. काही इंजिनांत ऑइल स्पार्क प्लगच्या विहिरीत साचून मिसफायरिंग होते. मागच्या सीलचे ऑइल क्लच प्लेटपर्यंत पोहोचले, तर क्लच घसरतो: चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तितका वेग घेत नाही.

दोन्ही बाबतींत, काहीही उघडण्यापूर्वी ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातील वायू बाहेर पडण्याचे मार्ग, तपासावेत. ते काजळीने तुंबले की इंजिनातील दाब बाहेर पडायला वाट उरत नाही आणि तो सर्वांत कमकुवत सीलमधून ऑइल ढकलतो. पेट्रोल इंजिन आयडलिंगवर असताना ऑइल भरण्याच्या तोंडावर कागद धरला आणि तो जोराने उडाला, तर हा मार्ग तुंबला आहे किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून त्यांच्या कडेने वायू खाली येत आहे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन आले आहे. अशा इंजिनाला नवे पॅकिंग बसवणे म्हणजे गळतीची जागा बदलणे होय.

टॅपेट कव्हरचे काम घरी करताना जुन्या रबराचा कण हेडमध्ये पडू न देणे आणि दोन्ही पृष्ठभाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून कोरडे करणे महत्त्वाचे. बोल्टखालचे रबरी वॉशरही बदलावेत, कारण गळती तिथूनही होते. सिलिकॉन गॅस्केट मेकरचा सढळ वापर हा आपल्याकडचा जुना रोग आहे. त्याचा टिपका फक्त टायमिंग कव्हर हेडला मिळते अशा कोपऱ्यांवर, तोही मॅन्युअलमध्ये सांगितला असेल तरच द्यावा, कारण आत पिळलेला जादा थर सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. बोल्ट मध्यापासून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. चाकाच्या नटांना ८५ न्यूटन मीटरच्या आसपास जोर लागत असेल, तर या बोल्टना बहुधा १० किंवा त्याहूनही कमी लागतो. गळती थांबावी म्हणून जास्त आवळले तर पॅकिंग चिरडते, कव्हर वाकते किंवा हेडमधील आटे जातात.

मागच्या सीलचे काम घरी करण्याचा मोह आवरावा. गिअरबॉक्स जड असतो आणि तो उतरवताना आधार सुटला तर इजा गंभीर होते. ते गॅरेजमध्ये करून घेताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तपासून, झिजले असल्यास त्याच वेळी बदलावे, आणि शाफ्टवर चर पडला आहे का हे स्वतः पाहावे.

गळती थांबवण्याची मिश्रणे बाजारात मिळतात. ती कडक रबराला मऊ करून किंचित फुगवतात, त्यामुळे मागच्या सीलची बारीक झिरप काही काळ कमी होऊ शकते. फाटलेल्या ओठावर किंवा चिरडलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही. जाड ऑइल भरण्याचा सल्लाही सर्रास मिळतो, पण मॅन्युअलने मान्य केलेल्या ग्रेडबाहेर जाऊ नये. क्लच घसरत नसेल आणि थेंब मोजकेच असतील, तर मागचे सील पुढच्या क्लचच्या कामापर्यंत थांबू शकते. तोवर दर आठवड्याला गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना उभी करून डिपस्टिक पाहावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्याखाली येऊ देऊ नये.