माल ‘खराब’ झाला म्हणजे नक्की काय झालं?
(इंग्रजी पत्र करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आमच्या मोबाईलवर रोज एकच निरोप येतो : ‘माल खराब झालाय, इंग्रजीत पत्र करून द्या.’ निर्यातीची कागदपत्रं, लेबलं, पत्रव्यवहार यांचं भाषांतर हेच आमचं काम, तेव्हा पत्र नक्की होईल. पण ‘खराब’ एवढ्या शब्दावर होत नाही. आम्ही उलट फोन करून विचारतो तेव्हा काहीजण वैतागतात, म्हणून हे पत्रक.

मराठीत आपण सगळ्याला एकच शब्द कुठे लावतो? दूध नासतं, आमटी विटते, पाला कुजतो, दात किडतो, चकली सादळते, लोखंड गंजतं. इंग्रजीचंही तसंच. खवट तेलाला, शेंगदाण्याला ‘रॅन्सिड’ म्हणतात. तो शब्द स्निग्ध पदार्थांचाच. पाव, बिस्किटं शिळी झाली तर ‘स्टेल’. पाचोळा कुजून माती होते ते ‘डीकंपोज’. मांस-मासळी सडून घाण सुटली तर ‘प्यूट्रिड’. ‘रस्ट’ फक्त लोखंडाचा. तांब्या-पितळेच्या सुट्या भागांना ‘करोजन’ लिहावं लागतं. फराळ परदेशी पाठवणाऱ्या ताईंनी एवढं लक्षात ठेवावं : सादळलेल्या चकलीला ‘स्पॉइल्ड’ म्हटलं की समोरचा ती खाण्यालायक नाही असंच समजतो, आणि अख्खी खेप टाकून देतो.

फळं-भाजीत घोळ होतो तो ‘रॉट’ आणि ‘डिके’ यांचा. ‘रॉट’ म्हणजे बोट लावलं तर आत जातं, पाणी सुटलंय, वास येतोय. ‘डिके’ जरा व्यापक; सडण्याची सुरुवातही त्यात येते, आणि तपासणी अहवालात बहुधा हाच शब्द असतो. अमेरिकेतल्या अहवालात डाग आणि वेडावाकडा आकार ‘क्वालिटी’त धरतात, तर सडणं, सुकणं, कोंब येणं ‘कंडिशन’मध्ये, कारण ते वाटेत वाढत जातं. द्राक्षाचे मणी गळाले तर ‘शॅटर’, सुरकुतले तर ‘श्रिव्हल’, पेटीतल्या सल्फरच्या पॅडमुळे पांढरे पडले तर ‘ब्लीचिंग’. यातलं काहीच सडणं नव्हे. कांद्यावरची काजळी ‘ब्लॅक मोल्ड’, मानेपासून सडला तर ‘नेक रॉट’.

आता ज्या एका चुकीत तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो ती. आमच्याकडे यायच्या आधीच घाईत मोबाईलवरून पाठवलेला पहिला मेल. गेल्या हंगामात एका बागायतदारांचा कंटेनर वाटेत तापला. डेटा लॉगरवर तापमान चढल्याची नोंद स्पष्ट होती. पण त्यांनी विमावाल्यांना आधीच लिहून टाकलं होतं : ‘ग्रेप्स आर डॅमेज्ड ड्यू टू नॅचरल डिके.’ त्यांच्या मनात होतं ‘फळ नाशवंत आहे, लवकर बघा.’ वाचणाऱ्याने वाचलं की फळ आपल्या स्वभावाने सडलं. 1963च्या सागरी विमा कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालाच्या अंगभूत दोषाने झालेल्या नुकसानीला, पॉलिसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, विमा कंपनी जबाबदार नसते. नाशवंत म्हणायचं होतं तर शब्द होता ‘पेरिशेबल’. त्या ‘नॅचरल’चा खुलासा करण्यात तीन आठवडे गेले.

म्हणून आम्ही विचारतो : देठ हिरवा आहे की तपकिरी? बुरशी आहे का, कोणत्या रंगाची? वास आंबूस की कुबट? वरच्या थरातल्या पेट्या गेल्या की दाराजवळच्या? हे तुम्ही घरात बोलता तसं मराठीत सांगा, व्हॉइस मेसेज चालेल. तुमच्या ‘पिचपिचीत झालाय’मधून आम्हाला जेवढं कळतं तेवढं तुमच्या ‘रॉटन’मधून कळत नाही. नुकसानीचं कारण मात्र पत्रात आम्ही ठोकून देत नाही. दिसलं ते लिहितो; ते कारण ठरवणं विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचं काम.

‘अर्ध्या पानाचे एवढे पैसे?’ असंही विचारलं जातं. मोबाईलचं भाषांतर फुकट आहे, मान्य. पण मोबाईल तुम्हाला देठाचा रंग विचारत नाही. आमचा वेळ टाइप करण्यात जात नाही, विचारण्यात जातो.

पहिला मेल पाठवण्याआधी त्या दोन ओळी आम्हाला दाखवा. तेवढं तपासायचे आम्ही पैसे घेत नाही. नेहमीच्या ग्राहकांना कांदा, द्राक्ष, डाळिंब आणि फराळ यांच्या शब्दांचं एक पान हंगामाआधी देतो, ते पॅकहाउसच्या भिंतीवर लावा. पत्रासाठी येताना पेटीवरचा लॉट नंबर दिसेल असे फोटो, लॉगरची नोंद आणि पॉलिसीची प्रत आणा. आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत माल फेकू नका.